सशांचे आनुवंशिक दंतदोष आणि पैदाशीचा निर्णय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधील मराठी घरांतून ससे पाळणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मी पशुवैद्य नाही. मी पुष्कळ वर्षे ससे पाळले आहेत आणि एकदा चुकीची पैदासही केली आहे. त्यामुळे रोगाचे निदान आणि औषध डॉक्टरांकडेच सोडावे, आणि जोड लावावी की नाही हा जो निर्णय सर्वस्वी मालकाच्या हातात असतो, त्यापुरता या मजकुराचा उपयोग करावा.

सशाला दात किती असतात आणि ते वाढतच का राहतात?

पूर्ण वाढ झालेल्या सशाला 28 दात असतात. वरच्या जबड्यात समोर दोन मोठे पटाशीचे दात आणि त्यांच्या अगदी पाठीमागे खुंटीसारखे दोन लहान दात असतात, तर खालच्या जबड्यात पटाशीचे दोनच दात असतात. सुळे नसतात, त्या जागी मोकळी हिरडी असते. त्यामागे वर प्रत्येक बाजूला सहा आणि खाली प्रत्येक बाजूला पाच अशा दाढा व उपदाढा असतात. (मागचे ते दोन खुंटीदात उंदरांना नसतात. ससा हा उंदराच्या कुळातला नव्हे, हे ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे.)

या सर्व दातांची मुळे आयुष्यभर उघडी राहतात, म्हणून दात थांबत नाहीत. पटाशीचे दात आठवड्याला साधारण 2 ते 2.5 मिलिमीटर, म्हणजे वर्षाला 10 ते 12 सेंटिमीटर वाढतात. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर घासून ही वाढ रोजच्या रोज झिजवतात. खालच्या दातांची टोके वरच्या मोठ्या दातांच्या किंचित मागे, खुंटीदातांपाशी टेकली पाहिजेत. ती तेथे टेकली नाहीत तर झीज होत नाही, आणि दात वाट फुटेल तिकडे वळत जातात.

आनुवंशिक दोष म्हणजे नेमके काय बिघडलेले असते?

बहुतेक वेळा दोष दातांत नसतो, जबड्यांच्या लांबीच्या प्रमाणात असतो. वरचा जबडा तुलनेने आखूड राहतो, त्यामुळे खालचे पटाशीचे दात वरच्या दातांच्या पुढे निघतात. खालचे दात मग नाकाच्या दिशेने बाहेर येतात आणि वरचे दात आतल्या बाजूला मेंढ्याच्या शिंगासारखे वळून प्रसंगी टाळूत किंवा गालात रुततात. हा दोष अप्रभावी जनुकामुळे येतो, म्हणजे आई आणि वडील या दोघांकडून त्याची एकेक प्रत मिळाली तरच तो दिसतो, असे 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकतेच्या अभ्यासात दाखवले गेले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, आणि पैदास करणाऱ्याच्या दृष्टीने ती अधिक त्रासदायक आहे: दोन्ही प्रती मिळालेल्या सशांपैकी सुमारे 80 टक्क्यांतच दोष प्रत्यक्ष दिसतो. उरलेले ससे दोन प्रती बाळगूनही सरळ दातांचे दिसतात.

दोष जन्मजात आहे की नंतर आलेला, हे कसे ओळखावे?

वय हा सर्वांत उपयोगी पुरावा आहे. तीन आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाचे पटाशीचे दात टोकाला टोक लागलेले किंवा उलटे बसलेले दिसले आणि पडल्या-आपटल्याचा काही इतिहास नसेल, तर ते आनुवंशिक मानूनच पुढचा निर्णय घ्यावा. चार-पाच वर्षे सुरळीत खाणाऱ्या सशाचे दात बिघडले, तर सहसा आधी दाढा बिघडलेल्या असतात. गवत कमी आणि दाणे जास्त खाल्ल्याने दाढा पुरेशा झिजत नाहीत, खालच्या दाढांना जिभेकडे आणि वरच्या दाढांना गालाकडे धारदार काटे येतात, मुळे जबड्याच्या हाडात उलटी वाढतात, आणि त्यानंतर समोरचे दातही जागा सोडतात. पिंजऱ्याच्या गजांना दात लावून ओढण्याची सवय आणि उंचावरून पडणे ही आणखी दोन कारणे आहेत.

मधल्या वयातील सशाबाबत मात्र तोंडाकडे नुसते पाहून कोणी छातीठोकपणे सांगू नये. कवटीचा एक्स-रे काढल्यावर मुळांची स्थिती कळते. तोपर्यंत अशा सशाची जोड लावू नये, एवढे पथ्य पाळावे.

पिल्लाचे दात केव्हा आणि कसे तपासावेत?

डोळे उघडल्यानंतर, म्हणजे साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत दर आठवड्याला एकदा, आणि पुन्हा पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर एकदा तपासावे. पिल्लू मांडीवर घेऊन वरचा ओठ दोन्ही बाजूंनी हलकेच वर करावा, समोरून आणि कडेने पाहावे आणि लगेच सोडावे. दाढा घरी दिसत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांचे उपकरण लागते. मात्र खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवल्यास हाडाला आलेले उंचवटे लागतात, आणि हनुवटी ओली असणे, डोळ्यातून सतत पाणी येणे, घास तोंडातून गळणे, लेंड्या लहान होणे, मागच्या बाजूला मऊ विष्ठा चिकटून राहणे या खुणा तर कोणालाही दिसतात. ससा 12 तास काहीच खात नसेल तर उद्याची वाट पाहू नये, कारण त्याचे आतडे थांबले की प्रकृती फार वेगाने ढासळते.

आई-वडील दोघांचेही दात उत्तम आहेत. मग पिल्लात दोष आला कुठून?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा थोडा राग असतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो, आणि ते येथेही खरेच आहे. फरक इतकाच की या आडात काय आहे ते वरून वाकून पाहिल्यास दिसत नाही.

ज्या सशाकडे दोषाची एक प्रत आणि निर्दोष अशी एक प्रत असते, तो वाहक. त्याचे दात सरळ असतात, तो आयुष्यभर उत्तम खातो आणि त्याला पाहून कोणाला शंकाही येत नाही. असे दोन वाहक एकत्र आले की सरासरीने चार पिल्लांत एकाला दोन्ही प्रती मिळतात, दोन वाहक होतात आणि एक या जनुकापासून पूर्ण मोकळे राहते. ही सरासरी आहे, हिशेबाची वही नव्हे. सहा पिल्लांच्या एका वेतात एकही दोषी न निघणे अगदी शक्य आहे, आणि पुढच्या वेतात तीन निघणेही शक्य आहे. म्हणून पहिले वेत निर्दोष निघाले यावरून जोडी निर्दोष ठरत नाही.

याचा दुसरा अर्थ असा की एक पिल्लू जरी आनुवंशिक दोषाचे निघाले, तरी त्याचे आई आणि वडील दोघेही किमान वाहक आहेत हे त्याच क्षणी सिद्ध होते. दोष मादीकडून आला की नराकडून, हा वाद त्यानंतर निरर्थक असतो. तो दोघांकडून आला आहे.

दुकानातून जोडी आणली आहे. तिची पैदास करावी का?

माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्यामागे माझाच अनुभव आहे. आपल्याकडच्या बाजारात ससे बहुधा जोडीनेच विकले जातात, आणि एकाच टोपलीतून उचललेली, एकाच वयाची ती जोडी पुष्कळदा एकाच वेताची भावंडे असते. माझी पहिली जोडी तशीच होती. विचारल्यावर दुकानदाराने नर-मादी आहेत एवढेच सांगितले, आणि मीही त्यापुढे काही विचारले नाही. पहिल्या वेताची पिल्ले पाच आठवड्यांची असताना मी मोठ्या हौसेने नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना वाटली. तिसऱ्या वेतात दोन पिल्लांचे दात उलटे निघाले. त्यानंतर महिन्याभरात देवासहून मावशींचा फोन आला की पहिल्या वेतातल्या त्यांच्या सशाला खाता येत नाही. तोपर्यंत त्याच वेतातल्या दुसऱ्या एका मादीला तिच्या नव्या घरी पिल्ले झालेली होती.

आता हिशेब पाहू. एखाद्या जोडप्यापैकी फक्त नर वाहक असेल, तर त्याच्या प्रत्येक पिल्लाला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. त्यांतील दोन भावंडांची जोड लावली, तर दोघेही वाहक असण्याची शक्यता चारांत एक आणि त्यांच्या एखाद्या पिल्लाला दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता 16 मध्ये एक होते. मूळ नर-मादी दोघेही वाहक असतील, तर त्यांच्या सरळ दातांच्या पिल्लांपैकी तीनांतील किमान दोन वाहक असतात, आणि अशा दोन भावंडांच्या पिल्लांत हेच प्रमाण नऊमध्ये एक किंवा त्याहून थोडे वाईट होते. तेच पिल्लू पूर्ण मोकळ्या, नात्याबाहेरच्या सशाला दिले असते तर दोष दिसण्याची शक्यता शून्य होती. जनुक तेच असते. नात्यातली जोड ते उघडे पाडते. बाप-लेक आणि आई-मुलगा ही जोडही भावंडांइतकीच जवळची आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

दोष निघाल्यावर पैदाशीतून नेमके कोणाला काढावे?

दोषी पिल्लाला काढावे, त्याच्या आईला काढावे आणि वडिलांनाही काढावे. येथवर बहुतेक लोक नाइलाजाने का होईना, मान्य करतात. अडते ते भावंडांपाशी. वर सांगितल्याप्रमाणे सरळ दातांच्या भावंडांपैकी तीनांतील दोन वाहक असतात, आणि कोणते दोन हे पाहून कळत नाही, कारण या दोषासाठी नेहमीच्या वापरातली जनुकीय तपासणी उपलब्ध नाही. म्हणून घरगुती पातळीवर पैदास करणाऱ्याने संपूर्ण वेत पैदाशीबाहेर ठेवणे हाच एक प्रामाणिक मार्ग आहे. ती पिल्ले पाळण्यासाठी उत्तम असतात. ती कोणाला देऊच नयेत असे येथे म्हणायचे नाही. ती देताना नसबंदीची अट घालून द्यावीत.

पुष्कळ जण विचारतात की नर बदलला तर पुरेल का. नवा नर मोकळा असेल तर दोषी पिल्ले निघणे थांबते, हे खरे आहे. पण जुन्या वाहक मादीची निम्मी पिल्ले वाहक निघतच राहतात, सरळ दातांनी निरनिराळ्या घरी जातात आणि दोन-तीन पिढ्यांनी कोठेतरी पुन्हा एकमेकांना भेटतात. सशांच्या पिढ्या फार लवकर येतात, आणि इंदूर, देवास, उज्जैन एवढ्या पट्ट्यात पिल्ले ओळखीपाळखीतूनच फिरत असल्याने ही भेट वाटते तितकी दुर्मीळ नसते. नर बदलल्याने दोष दिसेनासा होतो, आणि दिसेनासा झाला की लोक नोंद ठेवणेही सोडतात.

संशयित सशाची जोड मुद्दाम दोषी सशाशी लावून परीक्षा घेता येईल का?

शास्त्रात ही पद्धत आहे. संशयित ससा वाहक असेल तर दोषी जोडीदारापासून त्याच्या निम्म्या पिल्लांना दोन्ही प्रती मिळतील, आणि दोष सुमारे 80 टक्क्यांत दिसतो हे धरल्यास प्रत्येक पिल्लात तो दिसण्याची शक्यता सुमारे 40 टक्के राहील. ससा मोकळा आहे असे 99 टक्के खात्रीने म्हणण्यासाठी लागोपाठ नऊ-दहा सरळ दातांची पिल्ले मिळावी लागतील. याचा अर्थ असा की मालकाच्या शंकेचे निरसन व्हावे म्हणून आजारी पिल्ले जन्माला घालायची, आणि जी सरळ निघतील तीही सर्व वाहक असणार. घरात हे करू नये. शंका असेल तर जोडच लावू नये, हे त्याहून स्वस्त आणि दयाळू आहे.

लोंबत्या कानांच्या आणि बुटक्या जातींत हा दोष जास्त असतो का?

नेदरलँड ड्वार्फसारख्या बुटक्या जातींत चेहरा मुद्दाम आखूड आणि गोल निवडला गेला आहे, आणि जबड्याला जागा कमी पडली की दात नीट न बसण्याचा धोका वाढतो, असे पशुवैद्यकात दीर्घकाळ मानले जाते. बुटकेपणाच्या जनुकाचा तर वेगळाच त्रास आहे: त्याच्या दोन प्रती मिळालेली पिल्ले जन्मानंतर काही दिवसांतच दगावतात, म्हणून दोन बुटक्या सशांची जोड लावणे मला मान्य नाही.

लोंबत्या कानांबाबत मात्र थोडे सावध बोलावे लागते. ब्रिटनमधील एका आश्रयकेंद्रातील 30 सशांच्या 2019 मधील अभ्यासात लोंबत्या कानांच्या सशांना दातांचे विकार अधिक आढळले होते. पुढे 2024 मध्ये ब्रिटनमधीलच कितीतरी मोठ्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात वर्षभरात सुमारे 15 टक्के सशांत दातांचे विकार दिसले, पण लोंबते कान किंवा आखूड चेहरा यांच्याशी त्यांचा संबंध दिसला नाही. वाढते वय हेच तेथे मोठे कारण ठरले. तेव्हा जातीवर सरसकट शिक्का मारण्यापेक्षा समोरच्या सशाचे आई-वडील आणि भावंडे पाहावीत. इंदुरात जातिवंत म्हणून मिळणाऱ्या सशांची वंशावळ कोणाकडे लिहिलेली असते, हा प्रश्न तर वेगळाच.

रानातल्या सशाशी जोड लावून रक्त सुधारता येईल का?

नाही. आपल्या माळव्यातल्या शेतांत दिसणारा ससा हा निराळाच प्राणी आहे. त्याच्या पेशीत 48 गुणसूत्रे असतात, तर पाळीव सशाचा मूळ वंश युरोपातला असून त्याची गुणसूत्रे 44 असतात. त्यांची संतती होत नाही. शिवाय रानातला ससा पकडणे किंवा पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

दोषी सशाचे पुढे काय? त्याला बरे करता येते का?

जबड्याची ठेवण बदलता येत नाही, पण असा ससा चांगले आयुष्य जगू शकतो. एक मार्ग म्हणजे डॉक्टरांकडून फिरत्या यंत्राने दात नियमित घासून घेणे. हे साधारण दर 4 ते 6 आठवड्यांनी, तेही आयुष्यभर करावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे भूल देऊन पटाशीचे सहाही दात काढून टाकणे. ऐकताना हे क्रूर वाटते, पण दाढा चांगल्या असतील तर ससा ओठांनी घास उचलून खातो. त्याला भाजी लांब पट्ट्यांत चिरून द्यावी लागते एवढेच. मुळाशी वाढीचा अंश राहून गेल्यास एखादा दात पुन्हा उगवतो, याची कल्पना आधी असावी.

नखे कापण्याच्या कात्रीने घरी दात कापू नयेत. दात उभा चिरतो, आतली नस उघडी पडते आणि पुढे जबड्यात गळू होते. सशाचे गळू घट्ट पुवाचे असते आणि नुसत्या औषधाने सहसा जात नाही. माणसांचे प्रतिजैविकही तोंडावाटे देऊ नये, कारण पेनिसिलिनच्या गटातील औषधे तोंडावाटे गेल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मरून ससा दगावू शकतो. भुलेपूर्वी त्याला उपाशी ठेवायला कोणी सांगितले तर पुन्हा विचारून घ्यावे. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरांचा तो नियम त्याला लागू नाही.

इंदुरातील प्रत्येक पशुचिकित्सकाला सशाच्या दातांची सवय असतेच असे नाही. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे किंवा अन्यत्र कोठेही जाण्यापूर्वी फोन करून सशाचे दात पाहतात का, हे विचारावे, आणि एप्रिल-मे महिन्यांत ससा पहाटेच घेऊन निघावे.

भरपूर गवत दिले तर आनुवंशिक दोष टळेल का?

टळणार नाही, पण गवत दिले नाही तर चांगले दातही बिघडतील. आहाराचा मोठा भाग, साधारण पाचांतील चार हिस्से, वाळलेल्या लांब गवताचा असावा. बाहेरून येणारे टिमोथी गवत महाग पडत असेल, तर फवारणी न झालेल्या जागेची हरळी धुऊन सावलीत वाळवावी. बरसीम हिवाळ्यात सहज मिळते. वाढत्या पिल्लांना ती चालते, पण तिच्यात कॅल्शियम फार असल्याने मोठ्या सशाला रोज भारेच्या भारे घालू नयेत. ज्वारीची कोवळी हिरवी ताटे विषारी असतात, ती अजिबात नकोत. भुसा बारीक आणि धुळकट असतो, त्याने चावण्याचे काम होत नाही. आणि ससा आवडीने खातो म्हणून त्याला पोहे आणि शेव घालणारी घरे मी या शहरात स्वतः पाहिली आहेत. शेव न आवडणारा प्राणी इंदुरात सापडायचा नाही, पण ती सशासाठी नव्हे.

मादीला एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, असे घरची मोठी माणसे म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

वैद्यकीय तथ्य काही नाही. उलट नसबंदी न झालेल्या माद्यांत वय वाढल्यावर गर्भाशयाचा कर्करोग बऱ्याच प्रमाणात आढळतो. ससा एकटा पडू नये ही काळजी योग्य आहे, आणि त्यासाठी नसबंदी झालेली नर-मादीची जोडी सर्वांत सुखाने राहते. नराची शस्त्रक्रिया झाल्यावरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, तेवढा काळ त्यांना वेगळे ठेवावे.

नकळत जोड लागून गेली. आता काय करावे?

मादीचा गर्भकाळ सुमारे 31 दिवसांचा असतो, आणि व्याल्यानंतर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून नराला आजच वेगळे करावे, व्याल्यानंतर नव्हे. पिल्ले झाली की वर सांगितल्याप्रमाणे दर आठवड्याला दात पाहावेत, आणि दहा आठवड्यांपासून नर-मादी पिल्ले वेगळी ठेवावीत, नाहीतर पुढची भावंडांची जोड पिंजऱ्यातच लागते.

पिल्लू दुसऱ्याला देताना काय लिहून द्यावे?

दुकानदारांसाठी 2018 चे पाळीव प्राणी दुकान नियम आहेत, त्यांत सशांचाही समावेश आहे आणि राज्य पशुकल्याण मंडळाकडे दुकानाची नोंदणी आवश्यक आहे. घरी पिल्ले झालेल्यावर कागदाचे असे बंधन कोणी घालत नाही, म्हणून ते आपणच घालून घ्यावे. मी आता एका साध्या वहीत वेताची तारीख, आई-वडिलांच्या खुणा, त्यांचे आपसातले नाते, पिल्लांची संख्या, किती दगावली, आणि प्रत्येक तपासणीच्या दिवशी प्रत्येकाचे दात कसे होते, हे लिहितो. पिल्लू बारा आठवड्यांचे झाल्याशिवाय देत नाही. नव्या घरी त्या पानाची प्रत जाते आणि खाली आमचा फोन क्रमांक असतो. दात बिघडल्यास आधी आम्हाला कळवावे, कारण ती बातमी त्याच्या उरलेल्या भावंडांच्या घरी आम्हाला पोचवायची असते, असे त्यावर लिहिलेले असते. देवासच्या मावशींच्या सशाच्या वेळी माझ्याकडे अशी वही नव्हती, आणि पहिल्या वेतातली दोन पिल्ले कोणाकडे गेली ते मला आजही आठवत नाही.